बाटलीच्या खांद्यावर

सुगंधाने गरम बाटली मानेपाशी धरली आणि तळाशी लोंबणारं प्लास्टिकचं शेपूट सुरीने कापून टाकलं. तेवढ्यावर सुटका नव्हती. बाटलीच्या खांद्यावर तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा होता, तोही खरवडायचा. प्रत्येक बाटलीवर, त्याच जागी. अंगठ्याचा सांधा सकाळपासून ठणकत होता. मशीनला त्याचं काय? वितळलेल्या प्लास्टिकची नळी खाली यायची, साच्याचे दोन भाग मिटायचे, आत हवा फुंकली जायची, आणि कोकम सरबताची आणखी एक बाटली तिच्यापुढे येऊन पडायची.

कुडाळच्या या शेडमध्ये नवा साचा आला तो गणपतीच्या आधी. मालकाच्या वडिलांनी, दाजींनी, देवाला गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी ‘होय महाराजा’ म्हटलं, आणि दाजींनी नारळ हाणला तो थेट उघड्या साच्यात. त्यांचा जन्म गेला मालवणच्या समुद्रात. नवी होडी आली की नारळ तिच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकावर फोडायचा, हीच त्यांची रीत. पण नाळ लाकडाची, आणि हा साचा ॲल्युमिनियमचा, मऊ. त्याला आतून खोक पडली. मालक सर्वेश तेव्हा बाहेर मोबाइलवर बोलत होता. बाटल्यांवर उंचवटा दिसू लागल्यावर त्याने साचा बनवणाऱ्यालाच धारेवर धरलं, फुकट दुरुस्त करून द्या म्हणून. तो ऐकेना, हा सोडेना, आणि शिमगा आला तरी सुगंधा खरवडतच होती.

खरं सांगणार कोण? दाजींनी स्वतःची होडी विकली म्हणून हे मशीन आलं होतं. सुगंधाचा नवरा त्याच होडीवर खलाशी होता. पण काल रात्री तिला भाकरी थापता आली नाही. हात गेला की काम गेलं, हे तिला कळत होतं. तिला दाजींचा राग येत होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती. आज सर्वेशला सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती घरातून निघाली होती.

दुपारी दाजीच आले आणि तिच्या शेजारी क्रेटवर टेकले. तिने साफ केलेली बाटली त्यांच्या हातात दिली. ती बाजूला ठेवून त्यांनी न खरवडलेली उचलली, जाळं चाचपावं तसा तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठा खांद्यावरच्या उंचवट्यावर थांबला.

“ह्यां खंयसून इलां?”

“साच्यातच आसा, दाजीनू.”

“पयलेपासून?”

सुगंधाने पुढची बाटली खरवडायला घेतली. दाजींची नजर मशीनकडे गेली. त्यांनी नारळ फोडला त्या पूजेचं कुंकू साच्याच्या कडेला अजून चिकटून होतं. त्यांनी हात पुढे केला.

“सुरी दी.”

“तुमी कित्याक? माझां काम तां.”

“दी गो.”

ते स्वतःच उंचवटा खरवडू लागले. सर्वेश ऑफिसातून आला आणि बघतच राहिला.

“दाजीनू, ह्यां काय?”

“साचो दुरुस्तीक धाड. पैसे आपले.”

“आपले कित्याक? चूक त्यांची आसा.”

“माझो हात दुखता,” दाजी म्हणाले.

सर्वेशने सुगंधाकडे पाहिलं. तिने अंगठा पदराखाली घेतला. दाजींच्या हातातली पहिलीच बाटली अजून पुरी व्हायची होती.