पोकळ ठिपके

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत. तिचा धाकटा भाऊ मुलांचा डॉक्टर. तो फोन करून ‘ताई आहे का?’ असं इतक्या वेळा विचारायचा, की तेच नाव तिला चिकटलं.

ताई काचपट्ट्या छापायची. यंत्राच्या बारीक सुया प्रथिनांच्या द्रावणात बुडायच्या आणि काचेवर ठिपके उमटवत जायच्या. एक ठिपका दुधातल्या प्रथिनाचा, एक अंड्यातल्या, एक शेंगदाण्यातल्या. मुलाच्या रक्ताची त्यावर चाचणी केली, की जो ठिपका उजळेल त्यावरून पोराला काय सोसत नाही ते कळायचं.

त्या सकाळी छापलेले ठिपके स्कॅनरवर बांगड्यांसारखे दिसले, कडेला जाड आणि मध्ये पोकळ. नेमका भाऊ पट्ट्या न्यायला आलेला. एका मुलीच्या ओठांना वरचेवर सूज यायची. दुधाने की अंड्याने, हे कळेना, म्हणून धास्तावलेल्या आईने दोन्ही बंद केलं होतं. दुपारी तिची चाचणी होती.

“ठिपके दिसतायत ना? मग चालतील,” भाऊ म्हणाला.

“चालवून घ्यायला ही काय घरची भाजी आहे? पोकळ ठिपका उजळला काय, न उजळला काय, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? ह्या पट्ट्या मी देणार नाही.”

भावाचं तोंड उतरलं. त्या बाईला काय सांगू, असं तो पुटपुटला. ताईने त्याच्या हातातून फोन घेतला, मुलीच्या आईला सरळ सगळं सांगितलं आणि थोडे दिवस मागून घेतले.

यंत्राची देखभाल करणारा इंजिनिअर म्हणाला, सुया झिजल्यात, नव्या मागवू. ताईने सुया धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. टोकं धडधाकट होती. म्हणजे ठिपका टेकताच वाळतोय आणि प्रथिन कडेला जमतंय, हवा कोरडी आहे, असं तिचं ठाम म्हणणं. पण यंत्राच्या पेटीतला दमटपणा तर मापकावर अगदी बरोबर दिसत होता.

“मापक बसवलाय पेटीत वाफ सोडणाऱ्या नळीशेजारी. तो बरोबरच दाखवणार,” असं म्हणून तिने दुसरा छोटा मापक पट्ट्यांजवळ ठेवला. त्याचा काटा झरझर खाली आला. पेटीच्या दाराची रबरी पट्टी कोपऱ्यात सुटली होती आणि नव्या एसीचा झोत थेट आत घुसत होता. इंजिनिअरने मान डोलावली आणि लगेच रबर बदलायला घेतलं.

पुढची छपाई भरीव आणि गोल उतरली. मुलीच्या चाचणीत अंड्याचा ठिपका लख्ख उजळला, दुधाचा काळाच राहिला. तरी भावाने खबरदारी म्हणून पहिलं दूध आपल्या दवाखान्यातच, घोटाघोटाने पाजलं. काही झालं नाही.

हे सांगायला त्याचा फोन आला, तेव्हा ताई नवीन पट्ट्या लावत होती.

“पेला संपवून आणखी मागत होती,” तो म्हणाला.

“मग द्यायचं की,” ताई म्हणाली, आणि तिने यंत्र सुरू केलं.