साल की पानं

प्रयोगशाळेत तपासायला आलेल्या एका रानझाडाच्या सालीत ताप उतरवायचा गुण आहे, असं वहिनीचं ठाम म्हणणं. धाकटी नणंद मात्र पानांवर अडून बसली होती. दोघी एकाच प्रयोगशाळेत कामाला आणि एकाच घरात राहायला. त्यामुळे प्रयोगशाळेतला वाद घरी यायचा आणि जेवणाच्या टेबलावर पुन्हा पेटायचा. शेवटी दादाने हात जोडले. "काय तो सोक्षमोक्ष लावा आणि मला सुखाने जेवू द्या!"

तो लावला मोठ्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी. सालीचा अर्क, पानांचा अर्क आणि साधं पाणी एकसारख्या काळ्या बाटल्यांत भरून त्यांनी वर नुसते आकडे टाकले. कशात काय, हे एकट्या बाईंना ठाऊक.

ताप यावा म्हणून आदल्या दिवशी यीस्ट टोचलेले उंदीर सकाळी तापाने फणफणले होते. केस पिंजारून, अंग चोरून कोपऱ्यात बसलेले. प्रत्येक पिंजऱ्यातल्या उंदरांना त्या पिंजऱ्याच्या बाटलीतलं औषध पाजून झालं. नणंद थर्मामीटर लावत होती, वहिनी आकडे टिपत होती. जेवणाची सुट्टी झाली तरी ताप ढिम्म हलेना. नणंदेचं तोंड एवढंसं झालं.

"वन्सं, असा चेहरा करू नका, उंदीर घाबरतील," वहिनी म्हणाली.

दुपारी मधल्या पिंजऱ्यातल्या एका उंदराचा ताप उतरलेला दिसला. त्याच पिंजऱ्यातल्या दुसऱ्याचाही! तिथल्याच तिसऱ्याला नणंदेने हातात घेतलं, तर पठ्ठ्या सटकला आणि थेट कपाटाखाली.

"अगं वहिनी, पकड त्याला!"

"तुमच्या हातून सुटला, तुम्हीच पकडा!"

दोघी गुडघ्यांवर रांगल्या, कोपराकोपरांनी एकमेकींना ढकलत. सकाळी मान न उचलणारा प्राणी त्यांना खोलीभर नाचवत होता. अखेर तो नणंदेच्या ओंजळीत सापडला. थर्मामीटर लावला. ताप नाही!

"उतरला गं!" तिने वहिनीला मिठीच मारली. बाटली कुणाची, हे विचारायचंही तिला सुचलं नाही.

आरडाओरडा ऐकून बाई आल्या. बाटलीवरचा आकडा बघून म्हणाल्या, "साल. पानांनी पाण्यापेक्षा जास्त काही केलं नाही. पुन्हा करून बघायचं, मगच नाचायचं." पण हसू त्यांनाही आवरेना.

आपली पानं हरली, हे नणंदेच्या आत्ता ध्यानात आलं. मग तिला खो-खो हसूच फुटलं. तिने दादाला फोन लावला.

"तुझ्या बायकोने ताप उतरवला!"

"कुणाचा? घरी तर सगळे ठणठणीत आहेत."

"उंदराचा रे!"

दादा हळूच म्हणाला, "म्हणजे आज मी सुखाने जेवणार?"

"छे! आता त्याच झाडाची फुलं बघायचीत," वहिनी मागून ओरडली, "आणि ती वन्संना पटत नाहीयेत!"