संकल्परेषा

रविवारी सकाळी अमळनेरच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथे भलामोठा पडदा लावला होता आणि पडद्यावर एक निळी रेषा होती. डावीकडे वरून निघालेली ही रेषा उतरत उतरत उजव्या कोपऱ्यात पार तळाला टेकायला आली होती. समोर मांडी घालून बसलेली माणसं तिच्याकडे टक लावून पाहत होती. पापणी लववायची नाही, असं त्यांना सांगितलेलं होतं. एका म्हातारीने पिशवीतून निरांजन काढलं, तशी स्वयंसेवकांनी तिला अडवलं. इथे अंधश्रद्धा चालत नाही आजी, असं बजावून त्यांनी तिला पुन्हा रेषेकडे तोंड करून बसवलं.

माइक कुंदनच्या हातात होता. काही वर्षांपूर्वी हा गृहस्थ बियाण्यांच्या कंपनीसाठी गावोगाव हिंडायचा आणि शेतकऱ्यांना उत्पादनाचे तक्ते दाखवायचा. आता अंगात पांढराशुभ्र कुर्ता, मनगटावर स्मार्टवॉच, आणि लोकांच्या तोंडी 'कुंदनसर'.

"मी बाबा नाही," तो म्हणत होता. "माझ्याकडे अंगारा नाही, ताईत नाही. मी कधीच म्हणत नाही की माझ्यावर विश्वास ठेवा. मी म्हणतो, आलेख बघा. ही तुमच्याच रक्तातली साखर आहे. संकल्प केला आणि उतरली. शरीर रेषेच्या मागे जातं. पाणी उताराकडे जातं की नाही, तसं."

टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात टाळी वाजवणारे गृहस्थ पहिल्या रांगेत होते: तेल-पेंडीचे व्यापारी उत्तमशेठ. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी प्रियल बसली होती. ती धुळ्याच्या एका रुग्णालयात डॉक्टर होती आणि सुटीला घरी आली होती. तिला हसू येत होतं. लोक एका रेघेकडे बघत बसलेत, बसू देत. फार तर डोळे दुखतील, असं तिला वाटलं.

उत्तमशेठांना आलेखांचं वेड लागलं ते 'आकडा बोलतो' या पानामुळे. फेसबुकवरचं हे पान कुंदनचंच. सुरुवातीला तो त्यावर रोजच्या जगण्यातले आलेख टाकायचा. यावलच्या केळीचा भाव आणि जळगावात तेच केळं कितीला मिळतं. चहाचा कप वर्षागणिक किती लहान झाला. लग्नातल्या वऱ्हाडाची संख्या आणि कपाशीचा भाव. खाली खानदेशभरची माणसं तावातावाने भांडायची. यावलचे लोक म्हणायचे, हा भाव आम्हाला कधी मिळालाच नाही. वाद घालता घालता त्यांना आपण फार हुशार झालो असं वाटू लागलं, आणि कुंदनने नेमकं तेच हेरलं. अडाण्याला फसवायला लिंबू-मिरची लागते. शिकलेल्याला फसवायला दोन अक्ष पुरतात, एक आडवा आणि एक उभा.

मग संकल्परेषा आली. मधुमेह असलेल्यांनी मंडळात नाव घालायचं, रोज सकाळी मीटरचा फोटो पाठवायचा आणि संध्याकाळी पडद्यावरच्या उतरत्या रेषेकडे पाहत श्वास घ्यायचा. मंडळातल्या सगळ्यांच्या आकड्यांची सरासरी म्हणजे ही रेषा. आणि औषध बंद. औषध चालू असेल तर आकडा गढूळ होतो, त्याला शास्त्रात स्थान नाही, असं कुंदन सांगायचा. 'शास्त्र' म्हणताना तो डोळे मिटायचा.

उत्तमशेठांनी आपल्या बायकोचं, सुगनबाईंचं नाव घातलं. फ्रिजमधलं इन्सुलिन त्यांनी स्वतःच्या हाताने फेकून दिलं आणि मुलीला यातलं काही सांगायचं नाही, अशी बायकोला ताकीद दिली. सुगनबाईंनी आयुष्यभर नवऱ्याची एकही ताकीद मोडली नव्हती.

रविवारच्या त्या कार्यक्रमानंतर काही आठवड्यांनी सुगनबाईंना धुळ्याला आणलं तेव्हा त्यांचा डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला होता. चपलेचा अंगठा घासून एवढीशी जखम झाली होती. साखर इतकी चढली होती, की घरच्या मीटरवर आकडाच उमटत नव्हता. प्रियलने काय काय चालू आहे ते विचारलं, आणि आईने उत्तरासाठी नवऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यावर मुलीला सगळं कळलं. गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर उत्तमशेठ मोबाइल घेऊन बसले होते. प्रियल शेजारी येऊन बसली, तसा त्यांनी स्क्रीन तिच्यापुढे धरला. अमळनेर मंडळाची रेषा एका दिवसात धाडकन खाली आली होती. कुंदनने वर फटाक्यांची चित्रं टाकली होती. आजवरची सगळ्यात मोठी घसरण, असं लिहिलं होतं.

"बघ, संकल्पात ताकद आहे," ते म्हणाले. "तिचीच श्रद्धा कमी पडली. त्यात तुम्ही सलाइन लावलं."

प्रियलने त्या घसरणीची तारीख पाहिली. ज्या दिवशी आईची साखर मीटरमध्ये मावत नव्हती, त्याच दिवशी मंडळाची सरासरी उतरली होती. तिने वडिलांच्या हातातून फोन घेतला आणि मंडळाच्या यादीत आईचं नाव शोधलं. नाव नव्हतं. आकडा आला नाही म्हणून, आणि आदल्या दिवशीचा फार मोठा होता म्हणून, कुंदनने तिला काढून टाकलं होतं. डावीकडच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मोजपट्टी होती, तीही तिने आता नीट वाचली. ती शून्यापासून सुरू होत नव्हती. वरचा आणि खालचा आकडा एकमेकांच्या इतके जवळ होते, की मुंगी उतरली तरी डोंगर उतरल्यासारखा दिसावा.

तिने वडिलांना हे समजावून सांगितलं. उत्तमशेठ शांतपणे म्हणाले, की मंडळ सोडलेल्याचा आकडा धरायचा कसा? काढलं ते बरोबरच केलं.

मग ती पानावर मागे मागे जाऊन वाचत बसली. सोनगीरच्या समाधान नावाच्या माणसाने लिहिलं होतं, की त्याची आई झुंबरबाई इन्सुलिन बंद करून मंडळात गेली आणि बेशुद्ध होऊन वारली. खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली होती. एकाने लिहिलं होतं, म्हातारीचं वय झालं होतं, रेषेला कशाला दोष देता? सगळ्यात जास्त अंगठे मिळालेलं उत्तर असं होतं: 'एका माणसाच्या रडण्याला डेटा म्हणत नाहीत.' लिहिणाऱ्याचं नाव उत्तमचंद, शेजारी फोटो तिच्या वडिलांचा. प्रियलने ते दोनदा वाचलं. पलीकडे बापाने बाकावर मान टाकली होती आणि त्यांचा डोळा लागला होता. तिने त्यांना उठवलं नाही. समाधानचा नंबर मात्र मिळवला.

पुढच्या मेळाव्यात कार्यालय पुन्हा भरलं. उत्तमशेठ पहिल्या रांगेत होते. बायको रुग्णालयात असतानाही आले, म्हणून कुंदनने त्यांच्या निष्ठेचा गौरव केला. मागे समाधानबरोबर उभी असलेली प्रियल त्याला दिसली आणि गडी आणखीच फुलला. डॉक्टरसुद्धा आलेखापुढे झुकायला आल्यात, ताईंनी दोन शब्द बोलावेत, असं म्हणत त्याने स्वतःहून माइक तिच्या हातात दिला.

प्रियलने भाषण केलं नाही. समोरच्या दहा-बारा माणसांना तिने स्टेजवर बोलावलं आणि उंचीप्रमाणे उभं केलं. उत्तमशेठ सहा फुटी; त्यांनाही नावाने हाक मारली. ते नाखुशीने चढले आणि टोकाला उभे राहिले. मग ती म्हणाली, की सगळ्यांनी मिळून या मंडळींची उंची कमी करू या. संकल्प करा. लोक हसत डोळे ताणून बसले. ती सगळ्यात उंच माणसापाशी गेली.

"पप्पा, तुमची श्रद्धा कमी पडली. खाली उतरा."

उत्तमशेठ उतरले. तिने त्यांच्यानंतरच्या उंच माणसाला उतरवलं, मग त्याच्यानंतरच्या. स्टेजवर बुटकी माणसं तेवढी राहिली.

"सरासरी उंची उतरली," प्रियल म्हणाली. "आता सांगा, बुटकं कोण झालं?"

हशा पिकला. मागून समाधानचा आवाज आला, "कोनीच व्हयनं नही ताई."

"यांची साखर अशीच उतरते. ज्याची चढली, त्याला बाहेर काढतात." तिने पडद्यावरच्या त्या मोठ्या घसरणीवर बोट ठेवलं. "ही दिसते ना, ही माझी आई. त्या दिवशी ती मरायला टेकली होती, म्हणून तिला खोडलं, म्हणून रेषा खाली आली. तुम्ही या घसरणीला टाळ्या वाजवल्यात."

कुंदन पुढे सरसावला. ताई दुःखात आहेत, भावनेच्या भरात बोलतात, भावना आणि डेटा यांत फरक असतो, असं तो गोड आवाजात समजावू लागला. प्रियलने त्याला एवढंच विचारलं, की पहिल्या दिवशी मंडळात किती माणसं होती आणि आज किती आहेत, ते पडद्यावर दाखवा. तो म्हणाला, तांत्रिक बाब आहे. ती म्हणाली, मोजणी आहे, दाखवा. त्याने टेबलावरचा लॅपटॉप मिटला. पडदा कोरा झाला.

तेव्हा झुलालआबा नावाचे एक म्हातारे शेतकरी उठून उभे राहिले. "मंग आमना उखर्डू कथा गया? त्याना आकडा बी यामा व्हता ना?"

त्यांच्या भावाची, उखर्डूची, औषध सोडल्यावर दृष्टी गेली होती आणि आता यादीत तो कुठेच नव्हता. हळूहळू लोक मोबाइल काढून यादीत आपापली माणसं शोधू लागले. कोणाची काकू सापडेना, कोणाचा साडू. समाधान गर्दीतून वाट काढत उत्तमशेठांपुढे येऊन उभा राहिला.

"मनी माय मरी गई, अन् तुम्हीन मालेच डेटा शिकाडा," तो म्हणाला. त्याने हात उगारला नाही. उगारला असता तर उत्तमशेठांना सोपं गेलं असतं.

पोलिसांत तक्रार झाली. औषध दिलं नाही, मंत्र म्हटला नाही, नुसता आलेख दाखवला, मग कलम कोणतं लावायचं, यावर ठाण्यात बराच खल झाला. शेवटी फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला आणि कुंदन जामिनावर सुटला. पान बंद पडलं. झुंबरबाई परत आल्या नाहीत, उखर्डूला पुन्हा दिसलं नाही.

उत्तमशेठ मेळाव्याच्याच संध्याकाळी धुळ्याला बायकोच्या खाटेपाशी गेले आणि चूक झाली म्हणाले.

"मला कळत होतं," सुगनबाई म्हणाल्या. "पायाची आग व्हायची. पण तुम्ही सगळ्यांना तो आलेख दाखवत होतात. म्हटलं, माझ्यामुळे तुमची मान खाली नको जायला."

उत्तमशेठांनी चादर सारखी करायला हात पुढे केला. चादर डावीकडे सपाट होती. त्यांनी हात मागे घेतला.

प्रियल आता तिच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि वाचणाऱ्यांनाही तेच सांगणं आहे. आलेख जरूर बघा, त्यावर हवं तेवढं भांडा. पण कोणी रेषा दाखवली, की आधी विचारा: मोजपट्टी कुठून सुरू होते? सुरुवातीला किती माणसं होती? आज जी नाहीत, ती कुठे गेली? या प्रश्नांवर जो चिडतो, किंवा तुमच्या श्रद्धेचं माप काढतो, तो कुर्ता घालो की कोट, बाबाच समजा. आणि डॉक्टरांनी इन्सुलिन दिलं असेल, तर आजचं चुकवू नका.