गोदाची ओवी

जनाचं तोंड मला आता बघायचं नाय. शेलूत आमची घरं भिंतीला भिंत लागून हायेत, तरी नाय.

कर्जतच्या भाताच्या गिरणीत मी उकड्याच्या टाकीवर होते. भिजल्या भातात वाफ सोडायची, मग बंद करून पाणी काढायचं, की झाला एक घाणा. घड्याळ होतं ते शेटच्या खोलीत. मी आपली जात्यावर म्हणतात तशा ओव्या म्हणायचे. पहिलीला वाफेची तोटी उघडायची, शेवटची संपली की बंद. तोट्या जना फिरवायची.

शेवटची ओवी माझ्या गोदाची. पोर तापानं गेली, तिच्यावर मीच रचलेली. तिथं रोज माझा गळा भरून यायचा आणि जना गुपचूप थांबायची. मी डोळे पुसून ओवी पुरी केली की मगच तोटी बंद करायची. एकदा मी आजारी पडले, तर दुसरीनं त्याच ओव्या न थांबता म्हटल्या आणि भात कच्चा राहिला. शेट म्हणाला, "सुंदरे, तुझ्याबिगर घाणा निघायचा नाय." मला त्याचा भारी तोरा.

शिमग्यानंतर मुंबईचा फिटर आला. टाकीपाशी त्यानं लाकडी ढोल बसवला. इंजिनाच्या पट्ट्यानं ढोल सावकाश फिरायचा आणि त्यावरच्या खुंट्या तोट्यांचे दांडे वर-खाली करायच्या. मी मनात म्हटलं, ठोक बाबा खुंट्या, पण कुठं ठोकायच्या ते तुला कोण सांगणार? मला तर मेल्यानं एका शब्दानं विचारलं नाय.

पहिला घाणा लागला. वाफ सुटली तशा मी मनात ओव्या धरल्या. गोदाच्या ओवीपाशी आले. म्हटलं, आता पडतो दांडा, वाफ बंद आणि होते फजिती. दांडा पडला नाय. माझा गळा भरला, मी डोळे पुसले, ओवी पुरी केली. तेव्हा कुठं दांडा पडला. भात झकास उकडला.

शेटनं मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ढोलाला तेल घालायला जना राहिली.

वाटेत गाठली तिला. "ओव्या सांगितल्यास, काम खाल्लंस, ते गेलं चुलीत," मी म्हटलं. "पण माझं रडणंबी दिलंस?"

जना खाली बघत म्हणाली, "तेवढं सोडलं तर भात कच्चा राहतो ना गं."

"म्हंजे त्या फिटरसमोर उभी राहून डोळे पुसलेस?"

"पुसले," ती म्हणाली. "तू पुसतेस तसेच."