घुगऱ्यांचं भगुणं

मी एक जुनं जर्मनचं भगुणं आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. बुडाला भोक, एक कान तुटलेला. आखाडा बाळापूरच्या एका शाळेत, कँटीनच्या मागे मी उपडं पडलेलं असतं. मित्रांनो, नाक मुरडू नका. एके काळी माझ्यातूनही गरम वाफ निघत होती.

जनकाबाईने मला हिंगोलीच्या बाजारातून आणलं, शहाण्णव साली. चार दुकानं फिरून, टिचकी मारून, वाजवून घेतलं बाईने! शाळेच्या पत्र्याच्या खोलीत ती कँटीन चालवायची. तिथे राज्य होतं कढईचं. रोज भजी, तेल तेच, काळंकुट्ट. सोबत लाल-पिवळ्या गोड पाण्याच्या पिशव्या. पोरं नुसती तुटून पडायची. मी आपलं बेसन कालवण्यापुरतं.

एके दिवशी प्रार्थनेला सातवीतली दीक्षा चक्कर येऊन पडली. दूरच्या वाडीवरून चालत येणारी, हडकुळी पोरगी. जनकाबाई धावली, तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"काय खाल्लं गं लेकरा?"

"काल दुपारी पिशवी पेली, मावशी. मंग काहीच न्हाई."

ती पिशवी जनकाबाईनेच विकलेली. त्या दिवशी बाई जेवली नाही. "लेकराईला इख विकून राहिले मी," एवढंच मला घासताना पुटपुटत होती.

दुसऱ्या दिवशी कढई खुंटीवर गेली. माझ्यात भिजवलेले हरभरे, मटकी, ज्वारी शिजली. मीठ, वसमतची हळद, वरून कांदा. सोबत पेलाभर ताक. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पण त्या होत्या घुगऱ्या, आणि तिथंच घोटाळा झाला. आपल्याकडे घुगऱ्या वाटतात त्या लेकराच्या बारशाला. मधल्या सुट्टीत पोरं खिदळायला लागली, "मावशी, कोणाचं बारसं हाय? पोरगं झालं का पोरगी?"

जनकाबाईला मूलबाळ नव्हतं. त्यापायीच नवऱ्याने तिला टाकलं होतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पोरांनाही.

"तुमीच माझे लेकरं. खा गुमान," ती हसून म्हणायची. निम्मी पोरं बाहेरच्या गाड्यावर पिशव्या प्यायला पळाली. दीक्षा मात्र रोज खायची. तिचे गाल भरले, प्रार्थनेला ताठ उभी राहू लागली. जनकाबाई तिच्याकडे बघत बसायची. लालसिंग गुरुजींनी चिडवणाऱ्यांना रागावून पाहिलं, पण गुरुजींची पाठ फिरली की पुन्हा तेच.

आणि एक दिवस मैत्रिणींना हसवायला दीक्षाच बोलली, "मावशी, आज तरी सांगा, कोणाचं बारसं हाय?"

वाढायचा डाव माझ्यातच थांबला. मग जनकाबाईने तिची ताटली काठोकाठ भरली. सुट्टी संपल्यावर उरलेल्या घुगऱ्या शेळ्यांपुढे ओतल्या आणि मला पालथं घातलं.

"माझ्याच्यानं न्हाई होत आता, गुरुजी," म्हणत तिने किल्ली दिली आणि कनेरगाव नाक्याला भावाकडे निघून गेली. मला इथेच ठेवून. फार वाईट वाटलं मला.

नवा माणूस आला. कढई पुन्हा चुलीवर चढली. माझ्यात बर्फ भरायचा, त्यावर मीठ टाकायचा आणि पिशव्या गार करायचा. त्या मिठाने माझं बूड खाल्लं. मग दिलं भिरकावून.

नऊ वर्षांनी दीक्षा आली. कडेवर तान्ही लेक, हातात डबा.

"गुरुजी, जनकामावशी कुठं राहतात?"

लालसिंग गुरुजी खाली बघत म्हणाले, "ती गेली गं. मागच्या उन्हाळ्यात."

दीक्षा कँटीनच्या मागे आली. मग तिने मला ओळखलं. सरळ केलं, पदराने आतली माती पुसली आणि डबा माझ्यात ओतला. घुगऱ्या होत्या.

"मावशी, माझ्या लेकीचं बारसं हाय," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली. दाणे माझ्या भोकातून खाली मातीत पडत राहिले.

मित्रांनो, आत अजूनही कढईच चढलेली असते. तुमच्या शाळेत कोणी घुगऱ्या शिजवत असेल, तर पोटभर खा. आणि वाढणाऱ्या बाईची थट्टा करू नका रे. दीक्षाने आणलेलं उत्तर ऐकायला जनकाबाई नव्हती. ऐकलं ते मी, भोक पडलेल्या भगुण्याने.