जॅकचा खटका
शेषराव तायड्यांनी तीस वर्षं रेल्वेचे डबे उचलले. अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आले, इथेच फिटर म्हणून रिटायर झाले आणि बायको रत्नमाला गेल्यावर जगतपुऱ्यात मुलाच्या फ्लॅटवर राहू लागले. तिथे मुलगा राजरत्न त्यांना काही विचारत नसे. सून सोनम विचारायची. ती अजमेरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, मराठीत अडखळायची, पण "बाबा, चहा ठेवली, या" अशी रोज हाक मारायची.

म्हणून राजरत्न जेव्हा म्हणाला, "जीपसाठी जॅक घ्यायचाय, तुम्हीपण चला," तेव्हा शेषरावांनी धुतलेला पांढरा सदरा घातला.

जीप त्याने वाळूत घालायला म्हणून टायर बदलून, स्प्रिंगा चढवून चांगली उंच करून घेतली होती. सोडाला भागातल्या दुकानात त्याचा मित्र विशाल आधीच येऊन थांबला होता. दुकानदाराने तीन जॅक पुढे ठेवले. पंप मारून वर चढणारा बसका बाटली जॅक, सायलेन्सरच्या धुराने फुगणारी रबरी पिशवी आणि छातीपर्यंत येणारा, भोकाभोकांच्या लोखंडी पट्टीचा, लांब दांड्याचा लाल जॅक.

राजरत्नचा हात थेट लाल जॅकवर गेला. "हा मागच्या दाराला लावला की गाडी कसली दिसेल!"

"हा नको," शेषराव म्हणाले. "गाडी उतरवताना दांडा आधी पट्टीला टेकवायचा, मगच हा वर-खाली बदलायचा खटका फिरवायचा. अर्ध्यावर फिरवला अन् हात सुटला, तर गाडीचं सगळं वजन दांड्यात येतं. तोंड फोडते ती चीज. बाटली जॅक घे, खाली रुंद फळी टाक."

"एवढासा? गाडीची उंची तर बघा."

"काहून बॉडी उचलतो? अ‍ॅक्सल उचलायचा. थांब, दाखवतो." आणि ते दुकानासमोर उभ्या जीपखाली उताणे सरकले.

"अंकलजी सही बोल रहे हैं," दुकानदार पुटपुटला.

राजरत्नने मोबाइल काढला. जीपखालून नुसते पाय दिसत होते, भेगाळलेल्या टाचांचे. "हे आमचे पिताजी," तो व्हिडिओत बोलू लागला. "अख्खं आयुष्य डब्याखाली गेलं. मतलब, पोरानं गाडी घेतली तरी हे बसणार नाहीत, खालीच लोळणार." विशाल पोट धरून हसला. शेषराव बाहेर निघाले तोवर व्हिडिओ मित्रांच्या ग्रुपवर गेला होता, आणि लाल जॅक गाडीत.

घरी सोनमने सदऱ्यावरचं ग्रीस घासून पाहिलं. निघालं नाही. शेषराव त्या दिवशी जेवले नाहीत, आणि का जेवले नाहीत हे राजरत्नने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. विशालसकट सगळे चाकसूच्या बाजूला नदीच्या कोरड्या पात्रात निघाले. शेषरावांना जायचं नव्हतं. "चला ना बाबा, ते दोघं एक होतात, मी एकटी पडते," असं सोनम म्हणाली, म्हणून गेले.

तासाभरातच मागचं चाक वाळूत रुतलं. राजरत्नने लाल जॅक लावला. खाली फळी घेतली नाही. जॅक थोडा कलला, पण जीप वर आली. विशालने चाकाखाली लोखंडी पत्रा सरकवला.

"चला, उतरवू," म्हणत राजरत्नने दांडा अर्ध्यावर असतानाच खटका फिरवला.

शेषरावांना ते दहा पावलांवरून दिसलं. आता गाडी दांड्यावर होती आणि दांडा राजरत्नच्या हातात, हनुवटीच्या बरोबर खाली. एक शब्द बोलायचा होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. फुटू दे, असं त्यांच्या मनात स्पष्ट आलं. एकदा फुटू दे.

पण राजरत्नचं लक्ष चाकाकडे गेलं. "पत्रा तिरका बसलाय रे! सोनम, इकडे ये. हे धर, सोडू नको."

ती धावत आली, वाकून दांडा धरला आणि तसंच शेषरावांकडे बघत म्हणाली, "असं धरू ना, बाबा?"

इतका वेळ दाबून धरलेला आवाज त्यांना चटकन सापडेना. "सोनम, मागे..." एवढंच निघालं. तिचा हात घामाने सुटला होता. दांडा उसळला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज विशालनेही ऐकला, आणि तो जीपच्या पलीकडे होता. सोनम ओरडलीसुद्धा नाही. वाळूत तिचे चार दात पडले होते.

जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी तारा घालून तोंड बंद केलं. सोनमचे आईवडील अजमेरहून आले, तेव्हा राजरत्न सगळ्यांसमोर बापाच्या पायावर पडला. "बाबांनी सांगितलं होतं. हा जॅक घेऊ नको म्हणाले होते. मी त्यांनाच हसलो." सोनमच्या आईने शेषरावांपुढे हात जोडले. "तुमचं ऐकलं असतं तर," ती म्हणाली, आणि रडू लागली.

शेषराव म्हणाले, "जाऊ द्या आता."

त्या दिवसापासून राजरत्न त्यांना विचारल्याशिवाय काही करेना. डॉक्टरांशी काय बोलू, कुठलं औषध आणू, सगळं बाबा, बाबा. शेषरावांना झोप लागत नव्हती, तरीही ते विचारणं त्यांना गोड लागत होतं, आणि हे त्यांना कळत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या खोलीत ते आणि सोनम दोघंच होते. तिने खुणेने मोबाइल मागितला. सुजलेल्या डोळ्याने बघत, एकेक अक्षर शोधत तिने काहीतरी लिहिलं आणि मोबाइल त्यांच्याकडे वळवला.

'बाबा तुम्ही बघितला होता ना. तुम्ही तोंड उघडून बंद केला. मी बघितली.'

शेषरावांनी ते दोनदा वाचलं. बाहेर राजरत्नच्या चपला वाजल्या. त्यांनी मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि अंगठ्याने शेवटापासून पहिल्या अक्षरापर्यंत सगळं पुसलं. मग तो भिंतीजवळच्या टेबलावर ठेवला, तिचा हात पोचणार नाही इतका दूर.

राजरत्न आत आला. बापाला उभं बघून त्याने आधी खुर्ची ओढली, "बसा ना बाबा" म्हणाला, आणि ते बसेपर्यंत खुर्ची धरून उभा राहिला. सोनमने भिंतीकडे तोंड फिरवलं.