कागदी पिशव्या

हेलेनाने किराणा सामानाची कागदी पिशवी डोक्यावरून खाली ओढली आणि डोळ्यांसाठी पाडलेली भोकं बोटांनी जागेवर आणली. शेजारच्या खुर्चीवर बाबांची लोकरी टोपी होती. सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने ती उडू नये म्हणून तिने तिच्यावर थर्मास ठेवला.

टोपीपलीकडच्या खुर्चीतले व्हर्न टॅलेरिको तिच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर शहराची बस चालवलेला हा माणूस ती लहान असल्यापासून बाबांच्या शेजारी बसून सामने बघत आला होता.

"तूसुद्धा?"

"आज सगळेच घालून आलेत, काका."

"सगळ्यांचं मला सांगू नकोस. तू कॅझ डुडेकची मुलगी. मागे एकदा असाच सगळा हंगाम हरलो, लाजेनं लोकांनी पिशव्या चढवल्या, तेव्हा या अख्ख्या स्टँडमध्ये दोनच तोंडं उघडी होती. एक त्याचं, एक माझं. आणि माझं तर झाकलेलंच बरं."

ती हसली नाही. ते मैदानाकडे वळले ते वळलेच.

हंगामातला हा शेवटचा सामना. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या त्यांच्या शहराच्या हॅमर्स संघाने एकही जिंकला नव्हता, आणि आजचाही हातचा गेलेला होता. तरी खाली त्या मळक्या बर्फात बासष्ट नंबरचा थोराड सेंटर, मधोमध वाकून चेंडू मागे देणारा आणि पहिली धडक अंगावर घेणारा, प्रत्येक धडकेनंतर सगळ्यांत आधी उठत होता. खेळाडूंच्या ढिगाऱ्याखालच्या आपल्या क्वार्टरबॅकला, चेंडू फेकणाऱ्या त्या पोराला, हात देऊन वर काढत होता, त्याच्या पाठीवरचा बर्फ झाडत होता.

"त्या बासष्टला बघ," ऑक्टोबरमध्ये हॉस्पिटलच्या खाटेवरून टीव्हीकडे बोट करत बाबा म्हणाले होते. "एवढं हरतायत, आणि याला पोराची पाठ झाडायची आठवण आहे." सामना संपेपर्यंत त्यांनी टीव्ही बंद करू दिला नव्हता. त्यानंतरचा सामना त्यांना दिसला नाही.

अंत्यविधीला हेलेना चर्चच्या दाराशी उभी राहून एकेकाचा हात हातात घेत होती. किती खंबीर आहे पोरगी, असं लोक म्हणाले. भाऊही म्हणाला. तेव्हापासून तिला रडायला जागा सापडली नव्हती. ऑफिसात नाही, आईसमोर तर नाहीच.

खाली बासष्ट पुन्हा उठला. त्याने हात पुढे केला.

हेलेनाचे खांदे हलू लागले.

"एवढी लाज वाटते तर घरी बसायचं होतंस," व्हर्न तिच्याकडे न बघता म्हणाले. "तो असता तर..."

बोलता बोलता त्यांनी मान वळवली आणि ते थांबले. भोकांच्या खाली पिशवीचा कागद भिजून गडद झाला होता. बर्फ पडायचा तर सकाळीच थांबला होता.

मग त्यांनी पुढच्या रांगेतल्या माणसाच्या खांद्यावर थाप मारली.

"जास्तीची पिशवी आहे का रे?"

"काय व्हर्न, शेवटी तुम्हीपण?"

"बडबड नको. दे."

त्यांनी पिशवी डोक्यावर चढवली. भोकं एका कानाकडे गेली होती. ती त्यांनी सरळ केली नाहीत.

हेलेनाने टोपीवरचा थर्मास पुन्हा नीट बसवला.

"काका," शेवटी हेलेना म्हणाली, "तुम्हाला काही दिसतंय का?"

"नाही," पिशवीतून घोगरा आवाज आला. "बासष्ट उठला की सांग."